वजन, लांबी, दंडघेर: बाळ अचूक कसं मोजायचं आणि वाढीचा आलेख कसा वाचायचा

एक मुलगा घ्या. वजन ६.८ किलो. लांबी घेताना त्याचा गुडघा जरा वाकलेला राहिला आणि फळीवर ७० सेंमी आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात ७० सेंमी लांबीच्या मुलासाठी उणे ३ एसडी (एसडी म्हणजे प्रमाण विचलन, मध्यापासून किती दूर ते सांगणारं एकक) ६.६ किलोवर आहे आणि उणे २ एसडी ७.२ किलोवर. या दोन्हींच्या मधे आहे, म्हणजे हा मुलगा मॅममध्ये (मध्यम तीव्र कुपोषण). आता गुडघा सरळ धरून पुन्हा मोजा. ७२ सेंमी भरतात. तिथे उणे ३ एसडी ७ किलोवर आहे. मूल तेच, वजन तेच, पण आता ते उणे ३ च्या खाली, म्हणजे सॅममध्ये (अति तीव्र कुपोषण) आहे. पहिलं माप रजिस्टरमध्ये गेलं असतं, तर त्याला लागणारा उपचारांचा आहार आणि डॉक्टरांची तपासणी दोन्ही चुकलं असतं आणि कुणाला त्याचा पत्ताही लागला नसता.

वाढीचे टप्पे, लसींचं वेळापत्रक हे व्हायवापुरतं (तोंडी परीक्षेपुरतं) पाठ होतं. मोजणं मात्र हातात बसावं लागतं. म्हणून कम्युनिटी पोस्टिंगला (वस्तीतल्या प्रत्यक्ष कामाला) अंगणवाडीत जाण्याआधी हे नीट वाचा आणि एकमेकींबरोबर बाहुलीवर सराव करा.

आधी वय

वय चुकलं की पुढचं सगळं चुकतं. आई सांगते, "आठवा चालू आहे." आलेखावर चालू महिना धरायचा नसतो, पूर्ण झालेले महिने धरायचे असतात. जन्म १४ मार्चचा आणि आज ९ नोव्हेंबर असेल, तर ७ महिने पूर्ण झाले. आठवा १४ नोव्हेंबरला पूर्ण होईल. बिंदू ७ वर पडेल.

जन्मतारीख तोंडी घेऊ नका. माता व बाल संरक्षण कार्ड किंवा जन्माचा दाखला मागा. दोन्ही नसेल तर सण, पेरणी, गावची जत्रा यांच्या आधाराने महिना ठरवा आणि रजिस्टरमध्ये "अंदाजे" असं स्पष्ट लिहा. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल तर दोन वर्षांपर्यंत जेवढे आठवडे ते लवकर जन्मलं तेवढे वयातून वजा करा. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या, त्यात वजाबाकी नाही.

वजन

काटा कडक, सपाट जागेवर ठेवा. सतरंजीवर किंवा उंचसखल सारवलेल्या जमिनीवर ठेवलेला इलेक्ट्रॉनिक काटा दर वेळी वेगळा आकडा दाखवतो. सुरू केल्यावर शून्य येऊ द्या. किराणा दुकानातलं शिक्क्याचं २ किंवा ५ किलोचं माप आठवड्यातून एकदा ठेवून पाहा. फरक दिसला तर तो आकड्यातून वजा करत बसू नका, काटा दुरुस्तीला द्या.

बाळाचे कपडे उतरवा. झबलं, टोपडं, स्वेटर आणि ओला लंगोट मिळून सहज पाव किलोच्या घरात जातात, आणि सहा महिन्यांनंतर बाळाचं महिन्याचं वजनच साधारण तेवढं वाढतं. म्हणजे कपड्यांसकट घेतलेल्या वजनात अख्ख्या महिन्याची वाढ लपते किंवा नसलेली वाढ दिसते. चांदीचे वाळे काढायला सांगा. करदोटा किंवा दृष्टीचा काळा दोरा काढायचा आग्रह धरू नका. त्याला वजन नाही आणि आईचं मन मोडतं. थंडी असेल तर दार लावून घ्या, कपडे शेवटच्या क्षणी उतरवा आणि लगेच गुंडाळा.

मूल काट्यावर टिकत नसेल तर आधी आईला उभं करा, तिच्या वजनावर काटा शून्य करा आणि मग मूल तिच्या हातात द्या. काटा मुलाचंच वजन दाखवेल. ही सोय नसलेल्या मोठ्या काट्यावर आईचं वजन वजा करून काढलेला आकडा लहान बाळासाठी भरवशाचा नसतो.

टांगायचा साल्टर काटा असेल तर तो घट्ट आडव्याला बांधा, तबकडी तुमच्या डोळ्यांच्या रेषेत आणा आणि रिकामी झोळी अडकवून मग शून्य करा. झोळी अडकवायच्या आधी शून्य केलं तर झोळीचं वजन बाळाच्या नावावर लागतं. बाळाचे पाय जमिनीला किंवा आईला टेकलेले नसावेत. रडून हात-पाय झाडत असेल तर काटा डोलतो. तो थांबेपर्यंत थांबा. मधला आकडा "साधारण" म्हणून लिहायचा नाही.

लांबी आणि उंची

दोन वर्षांखाली झोपवून लांबी, दोन वर्षांनंतर उभं करून उंची. वय माहीत नसेल तर ८७ सेंमीपेक्षा कमी असलेल्या मुलाला झोपवा. तेच मूल उभं केल्यावर झोपवलेल्यापेक्षा सुमारे ०.७ सेंमी कमी भरतं. दोन वर्षांखालचं मूल काही केल्या झोपेना आणि उभंच मोजावं लागलं, तर ०.७ मिळवा, दोन वर्षांवरचं मूल झोपवून मोजलं तर ०.७ वजा करा.

इन्फँटोमीटरला (बाळाला झोपवून लांबी मोजायच्या फळीला) दोन माणसं लागतात. एकटीने घेतलेली लांबी धरू नये, हे आमचं ठाम मत आहे. सहायक, शक्यतो आई किंवा मदतनीस, डोक्याकडे बसते. ती बाळाचे दोन्ही कान झाकतील असे तळवे ठेवते आणि टाळू स्थिर फळीला टेकवते. बाळाची नजर सरळ छताकडे हवी, हनुवटी छातीला टेकलेली किंवा वर ताणलेली नको. तुम्ही पायांकडे. डाव्या हाताने दोन्ही गुडघे हलकेच दाबून सरळ करा, उजव्या हाताने सरकती फळी टाचांना लावा, बोटं वर छताकडे. नवजात बाळाचे पाय पूर्ण सरळ होत नाहीत, तिथे जोर लावायचा नाही. आकडा ०.१ सेंमीपर्यंत वाचा, फळी सोडा, पुन्हा एकदा घ्या. दोन मापांत अर्ध्या सेंमीहून जास्त फरक आला तर तिसरं घ्या.

उभ्या मुलाच्या टाचा, पोटऱ्या, कुल्ले, खांदे आणि डोक्याचा मागचा भाग मापकाला लागायला हवा. गुबगुबीत मुलाचं डोकं टेकत नसेल तर ओढू नका. मुलींच्या वेण्या, अंबाडे, वरची क्लिप आधी सोडा. त्यामुळे उंची फुगते, मूल त्याच वजनाला जास्त बारीक दिसतं आणि नसलेलं कुपोषण कागदावर येतं. मुलं टाचा उचलतात, म्हणून आकडा वाचण्याच्या क्षणी खालीही एक नजर टाका.

डोक्याचा घेर कपाळावर भुवयांच्या वरून आणि मागे सर्वांत बाहेर आलेल्या भागावरून न ताणणाऱ्या टेपने घ्या. जन्माला ३३ ते ३५ सेंमी, पहिले तीन महिने महिन्याला सुमारे २ सेंमी वाढ. झपाट्याने वाढणारा किंवा थांबलेला घेर लगेच डॉक्टरांना दाखवा.

दंडघेर आणि सूज

दंडघेर ६ ते ५९ महिन्यांच्या मुलांचा घ्यायचा. डावा हात कोपरात ९० अंशांत वाकवा, खांद्याच्या टोकाचं हाड आणि कोपराचं टोक यांच्या बरोबर मध्यावर खूण करा. मग हात सैल सोडा आणि खुणेवर टेप गुंडाळा. टेपखाली कातडी दबलेली नको आणि फटही नको. ११.५ सेंमीपेक्षा कमी म्हणजे सॅम, ११.५ ते १२.५ च्या आत मॅम. मध्य डोळ्यांच्या अंदाजाने धरला तर सरावाच्या हातालाही काही मिलिमीटर इकडेतिकडे होतात, आणि सॅम-मॅमच्या सीमेवर तेवढे पुरतात.

वजन आणि दंडघेर कितीही असो, दोन्ही पावलांवर सूज पाहायचीच. दोन्ही अंगठे पावलांच्या वरच्या बाजूला ठेवून तीन सेकंद दाबा आणि काढा. दोन्हीकडे खळगा राहिला तर मूल सॅम आहे आणि ते रुग्णालयात जायलाच हवं. सुजेच्या पाण्यामुळे या मुलांचं वजन खोटं चांगलं दिसतं. त्यांचे गालही भरलेले दिसतात आणि आजी म्हणते, "बाळसं धरलंय." तुम्ही पाय दाबून पाहा.

आलेखाची रेषा

मुलींचा आलेख गुलाबी, मुलांचा निळा. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण घाईत चुकीचं पान उघडतं: वर्षाच्या मुलीचं मध्यम वजन ८.९ किलो आहे, मुलाचं ९.६. आडव्या रेषेवर वय, उभ्या रेषेवर वजन. दोन्ही जिथे भेटतात तिथे बारीक ठिपका, गोळा नको. हिरवा पट्टा सामान्य, पिवळा कमी वजनाचा, नारिंगी अति कमी वजनाचा. आता बहुतेक ठिकाणी सेविका पोषण ट्रॅकर या सरकारी अ‍ॅपवर आकडे भरते आणि वर्गवारी फोनच सांगतो. तरीही कार्डावर रेषा काढा, कारण आईला ती दाखवता येते.

ठिपका कुठे आहे याच्याइतकंच, किंबहुना जास्त, रेषा कुठे चालली आहे हे महत्त्वाचं. एका मुलीचं वजन बघा: सहा महिन्यांना ७.०, सातव्याला ७.२, आठव्याला ७.२, नवव्याला ७.१ किलो. नऊ महिन्यांच्या मुलीची उणे २ रेषा ६.५ वर आहे, म्हणून ही मुलगी अजून हिरव्यात. "चांगलं आहे बाळ" म्हणून तिला घरी पाठवलं जातं. पण तीन महिन्यांत तिने फक्त शंभर ग्रॅम घेतले, आणि मध्यरेषेवरच्या मुलीचं वजन याच काळात ७.३ वरून ८.२ वर जातं. ही सपाट झालेली रेषाच धोक्याची आहे. पिवळ्यात उतरेपर्यंत वाट पाहिली तर दोन महिने वाया जातात. याउलट एखादं लहान चणीचं मूल खालच्या रेषेला समांतर नेमाने वर जात असेल, तर त्याच्या आईला उगीच घाबरवू नका. त्याची लांबी आणि दंडघेर पाहून मग बोला.

रेषा का थांबली?

"काय खातं?" असं विचारलं की "सगळं खातं" हेच उत्तर येतं. काल सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत काय-काय दिलं ते क्रमाने विचारा, आणि "वाटीभर" म्हणाल्यावर ती वाटी बघायला मागा. पुस्तकातला कप २५० मिलीचा असतो, घरची आमटीची वाटी पुष्कळदा त्याच्या जवळपास अर्धी.

सहा महिने पूर्ण झाल्यावर २-३ मोठे चमचे, दिवसातून २-३ वेळा. आठव्या महिन्याअखेर हळूहळू अर्ध्या कपापर्यंत. ९ ते ११ महिने अर्धा कप, ३-४ वेळा. वर्षानंतर पाऊण ते एक कप, ३-४ वेळा, मध्ये एक-दोनदा खाऊ. अंगावरचं दूध दोन वर्षं आणि त्यापुढेही. मध वर्षाच्या आत नाही.

आपल्याकडे सर्वांत जास्त सापडणारी चूक म्हणजे वरणाचं वरचं पाणी आणि पातळ पेज. डाळ भांड्याच्या तळाशी राहते, बाळाला पिवळं पाणी मिळतं. सात किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी साधारण २०० मिली मावतं. ते पाण्याने भरलं की भूकही मरते आणि ऊर्जाही मिळत नाही. चमचा तिरका केला तरी पटकन ओघळणार नाही इतकं दाट हवं. वाटीत एक छोटा चमचा तूप किंवा तेल घातलं की सुमारे ४५ किलोकॅलरी वाढतात आणि घास मऊ होतो. नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून घेतलं तर खीर आपोआप पातळ होते, त्यामुळे तेवढ्याच खिरीत जास्त पीठ घालता येतं. हे सगळं सांगण्यापेक्षा तिथेच एका वाटीत कालवून दाखवा. सूचना एकच द्या, फार तर दोन. पाच दिल्या की घरी एकही पोचत नाही.

खाणं पुरेसं असूनही रेषा सपाट असेल तर जुलाब, खोकला, लघवीचा त्रास, घरात क्षयरोग आहे का ते विचारा.

त्याच भेटीत उरकायच्या गोष्टी

कार्ड हातात आहेच, तर लसी पाहा: नऊ महिन्यांना एमआर (गोवर-रुबेला) झाली का, १६ ते २४ महिन्यांतले डोस राहिले का. जीवनसत्त्व अ नऊ महिने पूर्ण झाल्यावर १ मिली, म्हणजे १ लाख युनिट. पुढे १६-१८ महिन्यांपासून दर सहा महिन्यांनी २ मिली, पाच वर्षांपर्यंत एकूण नऊ डोस. बाटलीबरोबरचा चमचाच वापरा. लोह-फॉलिक अ‍ॅसिडचं सिरप ६ ते ५९ महिन्यांना आठवड्यातून दोनदा १ मिली. सॅम मुलाला ते आपल्या मनाने सुरू करू नका. जंतनाशक अल्बेन्डाझोल एक ते दोन वर्षांना २०० मिलिग्रॅम, त्यापुढे ४०० मिलिग्रॅम. लहानांना गोळी चुरून पाण्यातून द्या, ठसका लागून गुदमरण्याची भीती असते.

विकासासाठी मूल उघड्यावर खेळू द्या आणि बघत राहा. आधाराशिवाय बसणं बहुतेक मुलांना ३.८ ते ९.२ महिन्यांच्या दरम्यान जमतं, एकट्याने चालणं ८.२ ते १७.६ महिन्यांत. त्यापलीकडे गेलं, किंवा आधी येत असलेली गोष्ट बंद झाली, तर "होईल हळूहळू" म्हणू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला नाव द्या.

पाठवताना

भूक चांगली, ताप नाही, सूज नाही असं सॅम मूल गावातच ग्राम बाल विकास केंद्रात सांभाळता येतं. सूज, जलद श्वास, सतत उलट्या, ताप, मरगळ किंवा खाणं नाकारणं यांपैकी एकही असेल तर पोषण पुनर्वसन केंद्र किंवा रुग्णालय. सहा महिन्यांच्या आतलं खंगलेलं बाळ थेट डॉक्टरांकडे. चिठ्ठीवर "कुपोषित, पाठवले" एवढंच लिहू नका. पूर्ण महिन्यांत वय, वजन, लांबी, झोपवून की उभं करून, दंडघेर, सूज आहे की नाही, मागच्या तीन महिन्यांची वजनं आणि काय लक्षण दिसलं ते लिहा. आशाताईंचा फोन नंबर आईकडे आहे ना ते विचारा, जायला गाडी कोण देणार ते तिथेच ठरवा, आणि आठव्या दिवशी घरी जाऊन बाळ पोचलं का ते पाहा.