डेनाली राष्ट्रीय उद्यानात मोटारहोमने: दोघांच्या मुक्कामाची आखणी

अलास्कातील डेनाली राष्ट्रीय उद्यान अँकरेजहून पार्क्स हायवेने सुमारे 385 किलोमीटरांवर आहे. उद्यानातून 92 मैलांचा एकच रस्ता जातो आणि उन्हाळ्यात खासगी गाडीला त्यातील पहिले 15 मैल, म्हणजे सॅव्हेज नदीपर्यंतच, परवानगी असते. पुढचा प्रवास उद्यानाच्या बसने करावा लागतो. म्हणून आखणीची सुरुवात गाडी कोठे उभी करायची या प्रश्नापासून करावी.

आमच्या मते याचे सर्वांत चांगले उत्तर 29व्या मैलावरील टेक्लानिका तळ हे आहे. तेथे आरक्षण असलेल्या मोटारहोमला, म्हणजे आत राहण्याची सोय असलेल्या गाडीला, बंदी असलेल्या रस्त्यावरूनही जाता येते. मात्र किमान तीन रात्रींचा मुक्काम बंधनकारक असतो आणि एकदा उभी केलेली गाडी निघण्याच्या दिवसापर्यंत हलवता येत नाही. तेथे विजेची जोडणी नाही आणि सांडपाणी सोडण्याची सोयही नाही. त्यामुळे प्रवेशद्वाराजवळच्या रायली क्रीक तळावर सांडपाण्याची टाकी रिकामी करून आणि पिण्याचे पाणी भरून घेऊनच पुढे निघावे, तसेच तीन-चार दिवसांचा शिधा बरोबर ठेवावा. जनरेटर ठरावीक वेळांतच चालवता येतो, म्हणून बॅटरीचा वापर बेताने करावा.

बसचे दोन प्रकार आहेत. मार्गदर्शकासह जाणाऱ्या बसमध्ये माहिती भरपूर मिळते, पण आम्ही साध्या ट्रान्झिट बसची शिफारस करू, कारण तिच्यातून वाटेत उतरून टुंड्रात मनसोक्त चालता येते आणि जागा असेल तर मागून येणाऱ्या दुसऱ्या बसमध्ये चढता येते. वाटेत खाण्याचे काही विकत मिळत नाही, त्यामुळे डबा आणि पावसाळी जाकीट घेतल्याशिवाय बसमध्ये बसू नये. प्रिटी रॉक्स येथे सरकणाऱ्या दरडीमुळे ऑगस्ट 2021पासून हा रस्ता 43व्या मैलाच्या आसपास बंद झाला आणि तेथे पूल बांधण्याचे काम हाती घेण्यात आले; म्हणून तिकीट काढण्यापूर्वी बस त्या हंगामात कोठपर्यंत जाते, हे उद्यानाच्या संकेतस्थळावर अवश्य पाहावे.

चालताना अस्वलापासून किमान 300 यार्ड आणि मूससारख्या (हरणाच्या कुळातला प्रचंड प्राणी) इतर मोठ्या प्राण्यांपासून 25 यार्ड अंतर ठेवणे नियमाने आवश्यक आहे. अस्वल समोर आले तर दोघांनी एकमेकांजवळ उभे राहावे, शांत आवाजात बोलत हळूहळू मागे सरावे, पळू नये. मूस अंगावर आला तर मात्र पळून झाडाआड जावे. अस्वलाला रोखणारा फवारा विमानातून नेता येत नाही, तो अलास्कात पोहोचल्यावरच घ्यावा.

हंगाम मेच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत असतो. जूनमध्ये रात्री अंधार जवळपास पडतच नाही, पण डास फार असतात. निवड आपल्या हातात असेल तर ऑगस्टचा शेवट गाठावा: टुंड्रा लाल-केशरी होतो, डास कमी होतात आणि रात्र पुरेशी काळी झाल्याने ध्रुवीय प्रकाश दिसण्याची आशाही असते.

20,310 फूट उंचीचे डेनाली शिखर बहुतेक दिवस ढगांत असते आणि पाहुण्यांपैकी साधारण एक तृतीयांशांनाच ते दिसते. त्यामुळे बसचे तिकीट एकाच दिवसाचे न काढता मुक्कामभर चालणारा टेक्लानिकाचा पास घ्यावा, म्हणजे आभाळ मोकळे होताच निघता येईल. तरीही शिखर दिसले नाही, तर अँकरेजकडे परतताना पार्क्स हायवेवरील 135व्या मैलाच्या दक्षिण दर्शनस्थळी गाडी थांबवावी. दक्षिणेकडचे हवामान पुष्कळदा वेगळे असते.