डीएमएलटी करताय? मशीनच्या आधी रिॲक्शन शिका

बारावीचा निकाल लागला की आमच्या उदगीरकडच्या पोरापोरींचे फोन सुरू होतात, ताई डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) करू का बीएस्सी, आणि कोणती मशीन शिकली की नोकरी पटकन लागंल. कोर्सचं घरची परिस्थिती बघून ठरवा, फक्त कॉलेजला मान्यता आहे का आणि त्या कोर्सवर राज्याच्या पॅरामेडिकल कौन्सिलकडं नोंदणी होते का हे फी भरायच्या आधी स्वतः जाऊन विचारून या. मशीनचं मात्र जरा सविस्तर सांगते, कारण मी पण तिथंच अडकले होते.

माझी पहिली नोकरी तालुक्याच्या गावातल्या लॅबमधे. खेड्यातल्या कलेक्शनवरून एक पोरगा मोटरसायकलवर सॅम्पल आणायचा. मे महिना, बाहेर 42 डिग्री. एका मामांची उपाशीपोटीची शुगर आली 61, म्हणजे फार कमी. मी मशीनवरचा आकडा उतरवला आणि रिपोर्ट दिला. तासाभरात डॉक्टरांचा फोन, पेशंट समोर बसलाय, चक्कर नाही घाम नाही, 61 कशी? तेवढ्यात मामाच लॅबमधे आले, "ताई, शुगरची गोळी बंद करू का चालू ठेवू, काय सांगूलालाव?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. डिप्लोमा हातात होता, मशीन चालवता येत होती, पण आकडा कुठून आला हेच माहीत नव्हतं.

झालं असं की रक्त साध्या लाल टोपीच्या ट्यूबमधे घेतलेलं, सेंट्रिफ्यूज (गरगर फिरवून पेशी वेगळ्या करायची मशीन) न करता चार तास पिशवीत, उन्हात. रक्तातल्या पेशी ट्यूबमधे पण जिवंत असतात आणि शुगर खात राहतात, साध्या खोलीत सुद्धा तासाला 5 ते 7 टक्के कमी होते, मग मे महिन्यातल्या त्या पिशवीत काय झालं असंल बघा. म्हणून शुगरला ग्रे टोपीची ट्यूब, तिच्यातलं फ्लोराइड पेशींचं एक एन्झाइम अडवतं. पण ते पण लगेच नाही, पूर्ण अडवायला तास दोन तास जातात, म्हणून ट्यूब हलक्या हातानं आठ-दहा वेळा उलटीपालटी करा, बर्फाच्या पॅकवर ठेवा, प्लाझ्मा (रक्तातला पातळ भाग) लवकर वेगळा करा. मामांना दुसऱ्या दिवशी परत बोलावलं, समोर रक्त घेतलं, लगेच फिरवलं, 94 आली.

त्या रात्री मी शुगरच्या किटमधला घडी घातलेला कागद पहिल्यांदा नीट वाचला. ग्लुकोज ऑक्सिडेज शुगरपासून हायड्रोजन पेरॉक्साइड बनवतं, मग पेरॉक्सिडेज त्याच्यापासून गुलाबी रंग बनवतं, आणि मशीन 505 नॅनोमीटरवर तो रंग किती गडद आहे एवढंच मोजते. 1000 मायक्रोलिटर रिएजंट (किटमधलं रसायन), 10 मायक्रोलिटर सॅम्पल, 37 डिग्रीला 10 मिनिटं. म्हणजे पिपेटच्या टोकाला बाहेरून एक थेंब चिकटून गेला तर 10 मायक्रोलिटरच्या एवढ्याशा मापात ती मोठी चूक होते, टोक टिश्यूनं पुसायला सर का ओरडायचे ते तेव्हा कळलं.

तेव्हापासून मला सवय लागली, प्रत्येक टेस्ट आणि मशीन कुणी, कोणत्या अडचणीतून काढली ते शोधायचं. क्रिएटिनिनची (किडनीच्या टेस्टची) पिक्रिक ॲसिडची नारंगी रिॲक्शन याफे नावाच्या शास्त्रज्ञानं 1886 मधे लिहून ठेवली, आजपण आपल्याकडं कितीतरी लॅबमधे तीच चालते, आणि ती फक्त क्रिएटिनिनलाच रंग देते असं नाही, शिवाय कावीळ झालेल्याचं सॅम्पल असलं की आकडा खरा असंल का हे आधी विचारायचं. लिओनार्ड स्केग्ज हा अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या माजी सैनिकांच्या दवाखान्यातला, सॅम्पल वाढत चाललेले आणि सगळं काम हातानं, म्हणून त्यानं सगळे सॅम्पल एकाच बारीक नळीतून एकामागं एक सोडले आणि मधे मधे हवेचे बुडबुडे सोडले, बुडबुड्यामुळं एकाचं सॅम्पल दुसऱ्यात मिसळत नाही. 1957 मधे ती मशीन बाजारात आली, ऑटोॲनालायझर म्हणून. मला हा शोध सगळ्यात आवडतो. आजच्या मशीनमधे बुडबुडे नसतात पण एका सॅम्पलचा अंश दुसऱ्यात जायची भीती तीच आहे, प्रोब (सॅम्पल ओढणारी सुई) धुवायची सायकल का टाळायची नाही ते याच्यावरून कळतं. ग्लुकोमीटरच्या पट्टीचं मूळ पण क्लार्क आणि लायन्स या शास्त्रज्ञांच्या 1962 च्या एन्झाइम इलेक्ट्रोडमधे आहे.

आता पाण्याचं, हे आपल्या भागात फार महत्त्वाचं. 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते तुम्हाला आठवत असंल. त्या उन्हाळ्यात आम्ही काचेच्या ट्यूबा बोअरच्या पाण्यानं धुवायचो आणि शेवटी डिस्टिल्ड वॉटरनं विसळायचं ते पाणी वाचवायला सोडून दिलं. एका सकाळी लागोपाठ चार पेशंटचं कॅल्शियम 12 च्या वर. चार जणांना एकदम तसला आजार होत नसतो. कंट्रोल (ज्याचा आकडा आधीच माहीत असतो असं सॅम्पल) लावला, तो पण वर. ट्यूब उजेडात धरली तर आतून पांढरी झाक, बोअरचा क्षार. रिपोर्ट थांबवले, नव्या प्लास्टिकच्या ट्यूबमधे परत लावले, कंट्रोल जागेवर आला आणि चौघांचं कॅल्शियम पण नॉर्मल. म्हणून रोज सकाळी पेशंटच्या आधी कंट्रोल लावा आणि लेव्ही-जेनिंग्जच्या चार्टवर (कंट्रोलचे रोजचे आकडे मांडायचा तक्ता) ठिपका स्वतःच्या हातानं टाका, आठवडाभर ठिपके एकाच बाजूला सरकत चालले तर रिएजंट, पाणी, मशीनचा दिवा काहीतरी बिघडत चाललंय. काही मालक म्हणतात कंट्रोल महाग पडतो. तिथं शिकायला मिळत नाही, दुसरी लॅब बघा.

अडचणींची एक वही ठेवा, तारीख, टेस्ट, काय झालं, कशानं सुटलं. तिच्यातूनच कुणाला नवीन रॅक, नवीन ट्यूब असं काही सुचलं तर कुठं दाखवायच्या आधी पेटंटचा प्रोव्हिजनल अर्ज करा, पूर्ण माहिती द्यायला 12 महिने मिळतात, मात्र निदानाची नुसती पद्धत आपल्या कायद्यात पेटंटला बसत नाही, उपकरण बसू शकतं.

ज्यांना मशीन बघायची त्यांनी खुशाल या, सकाळी सातला, कंट्रोल लावायच्या वेळी. फक्त येताना शुगरच्या किटमधला तो कागद वाचून या आणि 505 का, ते मला तुमच्या शब्दात सांगा.