बोर्डगेमच्या मिनी रंगवायला घेताय? मग हिरोला शेवटी हात लावा

डबा उघडला की आत वीस-तीस करड्या मिनी, म्हणजे प्लॅस्टिकच्या छोट्या मूर्तींसारख्या सोंगट्या, निघतात आणि हात जातो तो थेट हिरोकडे, नाहीतर त्या मोठ्या राक्षसाकडे. नका जाऊ. तिथं बिघडलं की मन खट्टू होतं आणि डबा कपाटात जातो तो जातोच. त्याऐवजी एकसारखे दिसणारे पाच-सात फुटकळ सैनिक किंवा झॉम्बी असतात ना, गेममध्ये सगळ्यात आधी मरणारे, ते घ्या. एक रंग सगळ्यांना लावायचा मग दुसरा, शेवटच्याला लावेपर्यंत पहिला वाळलेला असतो म्हणजे थांबायला नको, आणि हातही बसतो.

अजून एक. खेळताना ती मिनी डोळ्यापासून हातभर लांब असणार आहे. ऑनलाइन दिसणारे फोटो तासन्‌तास खपून केलेल्या आणि अगदी जवळून टिपलेल्या कामाचे असतात, त्याच्याशी बरोबरी करत बसलात तर एकही पूर्ण होणार नाही. पुढचं सगळं मी या हातभर अंतराच्या हिशोबाने सांगतोय.

आधी धुवा. साच्यातून सहज सुटावी म्हणून वापरलेलं काहीतरी तेलकट अंगाला राहिलेलं असू शकतं, त्यावर रंग नीट धरत नाही. कोमट पाणी, भांड्यांचा लिक्विड सोप, जुना टूथब्रश, झालं. भाले-तलवारी वाकड्या असतील (असतातच) तर मिनी गरम पाण्यात अर्धा मिनिट बुडवा, सरळ करा आणि तशीच धरून लगेच थंड पाण्यात घाला. बोर्डगेमच्या मिनी बऱ्याचदा मऊ पीव्हीसीच्या असतात म्हणून हे जमतं. आणि म्हणूनच काही तुटलं तर सुपरग्लू लावायचा, मॉडेल किटवाला प्लॅस्टिक सिमेंट (प्लॅस्टिक वितळवून जोडणारा गोंद) यावर चालत नाही. साच्याच्या जोडाची रेघ कटरच्या पात्याच्या मागच्या बाजूने हलकेच खरवडा. कानस लावू नका, मऊ प्लॅस्टिकला कुसं येतात.

आता प्रायमर, म्हणजे रंग नीट धरावा म्हणून आधी द्यायचा थर. इथं मी स्वतः तोंडावर पडलोय. एका दमट संध्याकाळी पूर्ण सेटवर स्प्रे मारला, काही मिनींवर वाळू चिकटवल्यासारखा खरबरीत थर आला आणि काही तर आठवडाभर चिकटच राहिल्या. काही स्प्रे प्रायमर मऊ पीव्हीसीवर कधी पुरते वाळतच नाहीत, हे मला नंतर कळलं. त्यामुळे स्प्रे वापरायचाच तर आधी एका मिनीवर मारून दोन दिवस ठेवून बघा, उघड्यावर मारा, मास्क लावा. नाहीतर सरळ ब्रशने लावायचा ॲक्रिलिक प्रायमर घ्या, वेळ जातो पण डोक्याला ताप नाही. मी काळा लावतो आणि तो वाळला की वरच्या बाजूने पांढऱ्याचा कोरडा ब्रश फिरवतो (हे ड्रायब्रशिंग, कसं ते पुढे), म्हणजे वरून उजेड पडल्यासारखं दिसतं आणि सगळे बारकावे उठून येतात.

रंग ॲक्रिलिकच, पाण्यात पातळ होणारे. बाटलीतून थेट मिनीवर लावायचे नाहीत, नवीन माणसाची सगळ्यात मोठी चूक हीच, चेहऱ्याचं नाक-तोंड भरून जातं. साधारण दुधाइतका पातळ करा आणि दोन हात मारा. पहिला हात डागाळलेला आणि भिकार दिसणार, घाबरू नका, वाळू द्या, दुसऱ्या हाताला बसतो. पिवळा मात्र दोनात आटपत नाही, त्याच्याखाली आधी फिकट तपकिरी द्या. रंग पॅलेटवर वाळत असेल तर चपट्या डब्यात ओला टिश्यू आणि वर बेकिंगचा बटर पेपर, त्यावर रंग तासन्‌तास ओला राहतो. क्रम आतून बाहेर, म्हणजे आधी अंग मग कपडे मग पट्टे आणि हत्यारं. धातूचा रंग शेवटी आणि त्यानंतर पाणी बदला, नाहीतर चमकीचे कण पुढच्या सगळ्या रंगांत.

ब्रश बारीक म्हणून शून्य-शून्यवाला घेऊ नका, त्याच्या टोकावर रंग मिनीपर्यंत पोचायच्या आतच वाळतो. एक किंवा दोन नंबरचा, नीट टोक असलेला एक ब्रश बहुतेक सगळं काम करतो. धातूच्या पट्टीपर्यंत रंग चढू द्यायचा नाही, टोक फाकतं. आणि तोंडात घालून टोक करायची सवय लावू नका, काही रंगद्रव्यं विषारी असतात.

खरी जादू पुढे आहे. वॉश म्हणजे गडद पातळ रंग, तो ओतल्यासारखा लावला की खाचांत उतरतो आणि सावली आपोआप पडते. सपाट जागी डबकं साचलं तर धुतलेल्या ओलसर ब्रशने टिपून घ्या, आणि वाळेपर्यंत अजिबात डिवचू नका, अर्धवट वाळलेल्यावर ब्रश फिरवला की डाग पडतो तो पडतोच. मग ड्रायब्रशिंग: जुना रुंद ब्रश, मूळ रंगापेक्षा फिकट रंग, कागदावर पुसत राहा जोवर जवळपास काहीच उमटत नाही, आणि मग उंचवट्यांवर झाडल्यासारखा फिरवा. केस, लोकर, चिलखताच्या कड्या यांना यापेक्षा सोपं काही नाही. गुळगुळीत झग्यावर मात्र खडू घासल्यासारखं दिसतं, तिथं टाळा. डोळे? एवढ्याशा चेहऱ्यावर वॉशची सावली पुरते, बुबुळं काढायला गेलात तर बिचारा दचकल्यासारखा दिसतो.

व्हार्निश चुकवायचं नाही, मिनी हाताळली जाणार आहे आणि बोटांच्या तेलाने, घासण्याने रंग आधी टोकांवरून जातो. एक ग्लॉसचा हात मजबुतीला आणि वर मॅट, नाहीतर खेळण्यासारखी चकाकते. इथंही दमट हवेत स्प्रे मारला तर पांढुरकी साय येते, त्यापेक्षा ब्रशने लावा. बेसच्या, म्हणजे मिनी ज्या चकतीवर उभी असते तिच्या, कडेला एकच रंग द्या, काळा नाहीतर तपकिरी, संपूर्ण सेट एका हातचा वाटतो.

आणि एखादी अगदीच फसली तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये थोडा वेळ ठेवून टूथब्रशने घासा, ॲक्रिलिक निघून येतो. नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका, त्यात बऱ्याचदा ॲसिटोन असतं आणि ते प्लॅस्टिकच खातं. असे दहा-बारा फुटकळ रंगवून झाले की मग हिरो काढा डब्यातून.