मेलबर्नला मुलाबाळांसह येताय? आधी मुदती सांभाळा

नवीन आलेलं कुटुंब पहिले पंधरा दिवस सोफा, टीव्ही आणि सेकंडहँड गाडी शोधण्यात घालवतं. या वस्तू कधीही मिळतात. हातातून निसटतात त्या मुदती. इथलं सरकार तुमच्या शब्दावर विश्वास ठेवतं, बहुतेक कामं घरबसल्या होतात, कुणाची ओळख लागत नाही. पण मुदत संपत आली म्हणून कुणी फोन करत नाही, आणि तारीख उलटली की काउंटरवर हात जोडूनही उपयोग होत नाही. 'बघू, पुढच्या आठवड्यात करू' या सवयीची किंमत इथे डॉलरमध्ये मोजावी लागते. खाली लिहिलंय ते व्हिक्टोरिया राज्यापुरतं आहे. सिडनी-ब्रिस्बेनचे कितीतरी नियम वेगळे आहेत, त्यामुळे तिथल्या मित्राचा सल्ला इथे तसाच लावू नका.

निघण्याआधी

सर्वांत महत्त्वाचं काम म्हणजे मुलांचं लसीकरणाचं पुस्तक नीट करून घेणं. आपल्या डॉक्टरांनी नुसती बरोबरची खूण केलेली असते किंवा तारीख पुसट असते. तसलं पान इथे चालत नाही. प्रत्येक डोसपुढे पूर्ण तारीख, लसीचं नाव, ब्रँड आणि दवाखान्याचा शिक्का असं स्वच्छ अक्षरात लिहून घ्या. इथे आल्यावर जीपी म्हणजे आपला फॅमिली डॉक्टर, किंवा कौन्सिलची, म्हणजे स्थानिक पालिकेची, लसीकरणाची नर्स ही माहिती ऑस्ट्रेलियन इम्युनायझेशन रजिस्टरवर चढवते आणि मग तुम्हाला त्याचा दाखला मिळतो. १ जानेवारी २०१६ पासून व्हिक्टोरियात या दाखल्याशिवाय चाइल्डकेअर किंवा किंडरमध्ये, म्हणजे शाळेआधीच्या बालवर्गात, प्रवेश पक्का होत नाही. चाइल्डकेअरची सरकारी सबसिडीही त्याच नोंदीवर अवलंबून असते.

इथे बहुतेक आईवडील एका गोष्टीवर अडतात. नवव्या महिन्यात दिलेली गोवराची लस इथे मोजत नाहीत. आईकडून आलेली प्रतिकारशक्ती त्या वयात बाळाच्या रक्तात शिल्लक असू शकते, त्यामुळे लस पुरेशी लागत नाही. म्हणून साधारण बाराव्या महिन्यापासूनचेच डोस धरतात. इथल्या वेळापत्रकात बाराव्या महिन्यात एमएमआर म्हणजे गोवर, गालगुंड, रुबेलाची लस आणि अठराव्या महिन्यात कांजिण्यांसह एमएमआरव्ही असते. शिवाय सरकारी दवाखान्यातल्या आपल्या एमआरमध्ये गालगुंडाची लस नसते. बाराव्या महिन्याची मेनिंजोकॉकलची लसही आपल्या पुस्तकात बऱ्याचदा सापडत नाही. राहिलेल्या लसी एका दिवसात उरकता येत नाहीत, काहींमध्ये चार आठवड्यांचं अंतर ठेवावं लागतं. म्हणजे चाइल्डकेअर महिन्याभराने हवं असेल, तर लसीकरणाची अपॉइंटमेंट पहिल्याच आठवड्यात हवी. नर्सशी 'आमच्याकडे झालंय' म्हणून वाद घालू नका. मुलाच्या भल्याचंच ती सांगत असते.

बॅगेत पेढे, बर्फी, घरचं तूप, बिया, दर्भ, शेण्या, गोमूत्र भरू नका. भारतात गुरांना लाळ्या-खुरकूत होतो आणि इथे तो रोग नाही, म्हणून दुधाच्या पदार्थांवर एवढी करडी नजर असते. बाकी खाण्याची जी वस्तू असेल, ती विमानात मिळणाऱ्या कार्डावर 'होय' करून जाहीर करा. पोळपाट, देवाचा पाट यांसारख्या लाकडी वस्तूही जाहीर करा. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतात. लपवलेली सापडली तर मोठा दंड होतो, तात्पुरता व्हिसा रद्दही होऊ शकतो.

आणि मुलाची कार सीट तिकडून आणू नका. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचं मानकचिन्ह नसलेली सीट इथे बेकायदा आहे, मग ती कितीही महागाची असो. सहा महिन्यांपर्यंत बाळाचं तोंड मागच्या बाजूला, चार वर्षांपर्यंत सीटचा स्वतःचा पट्टा, सात वर्षांपर्यंत किमान बूस्टर म्हणजे मुलाला उंच बसवणारी बैठक, हा कायदा आहे. सीटच्या माथ्यावरचा टॉप टेदर नावाचा पट्टा गाडीच्या कड्यात अडकवायला लोक विसरतात. तो नसेल तर धडकेत सीट पुढे झुकते आणि मुलाचं डोकं समोर आपटतं. बाळ विमानतळावरून घरी जातानाच सीट लागते, म्हणून आणायला येणाऱ्या माणसाला आधीच कळवा.

घर आणि फोडणी

भाडं आठवड्याचं सांगतात आणि महिन्याला घेतात. आठवड्याला ५५० म्हणजे महिन्याला २,२०० नव्हे. ५५० गुणिले ५२ भागिले १२, म्हणजे २,३८३ डॉलर. घर समक्ष पाहिल्याशिवाय अर्ज करू नका. इथे तुमचा भाड्याचा पूर्वेतिहास नसतो, म्हणून नोकरीचं पत्र, बँकेतली शिल्लक आणि कुटुंबाची ओळख करून देणारं एक पानी पत्र जोडा. पत्राने खरंच फरक पडतो. बॉन्ड म्हणजे अनामत साधारण महिन्याच्या भाड्याएवढी असते आणि ती घरमालकाकडे नाही, सरकारी बॉन्ड प्राधिकरणाकडे जमा होते. जमा झाल्याची पावती ईमेलवर आली का, ते बघा.

आता कंडिशन रिपोर्ट. घराची अवस्था लिहिलेला हा कागद एजंट देतो. तुम्ही त्यात आपली भर घालून राहायला आल्यापासून ५ कामाच्या दिवसांत परत द्यायचा असतो. खोकी नंतर उघडा, आधी हा कागद. प्रत्येक भिंतीचा, कार्पेटच्या प्रत्येक डागाचा, ओव्हनच्या आतल्या बाजूचा, शॉवरच्या काचेचा, खिडकीच्या जाळीचा फोटो काढा. शेगडीवरच्या रेंजहूडची, म्हणजे धूर ओढणाऱ्या पंख्याची, जाळी उचकटून तिच्या मागे किती तेल आहे, तेही टिपा. आपल्या लोकांचा बॉन्ड मुख्यतः स्वयंपाकघरात कापला जातो: ओट्यावर हळदीचा पिवळा डाग, शेगडीमागच्या भिंतीवर तेलाचा चिकट थर, ओव्हनमध्ये जळकट काळं. हळद सांडली तर तासाभरात पुसा, रात्रभर राहिली की डाग बसतो. रेंजहूडची जाळी दर महिन्याला गरम पाणी, भांड्याचा साबण आणि सोड्यात अर्धा तास भिजवा.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी एक सूचना वेगळी, ती दाराला चिकटवून ठेवावी इतकी महत्त्वाची. फोडणीचा धूर होऊन घरातला अलार्म वाजला तर मुख्य दार उघडू नका. आतला अलार्म फक्त तुमच्या घरापुरता असतो. धूर कॉरिडॉरमध्ये गेला की इमारतीचा अलार्म वाजतो, सगळी माणसं खाली उतरतात, अग्निशमन दल येतं आणि खोट्या अलार्मचं मोठं बिल तुमच्या नावावर लागू शकतं. खिडकी उघडा, रेंजहूड पूर्ण जोरात लावा, टॉवेलने अलार्मखालची हवा हलवा. मिरच्यांची किंवा लसणीची फोडणी द्यायच्या आधीच रेंजहूड लावलेला असावा. अलार्मवर कापड किंवा पिशवी बांधणारे काही महाभाग आहेत. तसं करू नका, घरात लेकरं झोपलेली असतात.

इथली घरं हिवाळ्यात आतून गार असतात. भाड्याच्या घरात बैठकीच्या खोलीत पक्का बसवलेला हीटर असणं व्हिक्टोरियात बंधनकारक आहे, घर बघताना तो चालू करून पाहा.

डॉक्टर, अँब्युलन्स, विमा

कायम रहिवासी व्हिसा असेल तर मेडिकेअरची, म्हणजे सरकारी आरोग्य योजनेची, नोंदणी पहिल्या आठवड्यात करा. नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या भारतीयांना मेडिकेअर नाही, त्यांना खासगी विमा लागतो.

आता सगळ्यांत महागात पडणारी चूक. मेडिकेअरमध्ये अँब्युलन्स नाही. पुन्हा सांगतो: अँब्युलन्स नाही. सरकारी हॉस्पिटलमधले उपचार फुकट, पण तिथवर नेणाऱ्या गाडीचं बिल हजार डॉलरच्या वर जातं. तापात आकडी आलेल्या मुलासाठी ००० हा आपत्कालीन नंबर फिरवताना कुणाच्या मनात बिलाचा विचार येऊ नये, म्हणून अँब्युलन्स व्हिक्टोरियाचं कौटुंबिक सदस्यत्व आल्या दिवशी घ्या. वर्षाला शंभर डॉलरच्या आसपास पडतं, फोनवरून पाच मिनिटांत होतं. क्वीन्सलँडमध्ये ही सेवा रहिवाशांना फुकट आहे, म्हणून तिथले नातेवाईक 'काही लागत नाही' म्हणतात. इथे लागतं. आईबाबा भेटीला येतील तेव्हा त्यांच्या प्रवासविम्यात अँब्युलन्स आहे का, तेही वाचा.

दुसरी मुदत वर्षाची आहे. वय ३१ च्या पुढे असेल आणि कधीतरी खासगी हॉस्पिटल विमा घ्यायचा विचार असेल, तर मेडिकेअरच्या नोंदणीपासून १२ महिन्यांत घ्या. नंतर घेतलात तर तिशीच्या पुढच्या प्रत्येक वर्षामागे हप्ता २ टक्के वाढतो. म्हणजे ३८ व्या वर्षी १६ टक्के जादा, आणि ते सलग दहा वर्षं. दात-चष्म्याचा 'एक्स्ट्राज' विमा यात धरत नाहीत, हॉस्पिटल कव्हरच हवं.

लहान मूल असेल तर कौन्सिलच्या मॅटर्नल अँड चाइल्ड हेल्थ नर्सकडे नाव नोंदवा. साडेतीन वर्षांपर्यंत वाढ, बोलणं, ऐकणं ती मोफत तपासते. नव्या आईसाठी तर तिच्याइतका आधार दुसरा नाही. मुलाने औषध किंवा साफसफाईचं द्रव प्यायलं तर १३ ११ २६, हा विषबाधेच्या सल्ल्याचा नंबर फ्रिजवर लिहा.

चाइल्डकेअर, किंडर, शाळा

चाइल्डकेअरचा दिवसाचा दर बऱ्याच ठिकाणी दीडशे डॉलरच्या आसपास आहे. कायम रहिवाशांना उत्पन्नानुसार सबसिडी मिळते. अर्ज केला म्हणजे झालं, असं मात्र नाही. केंद्राने मुलाची नोंद पाठवल्यावर मायगव्ह या सरकारी संकेतस्थळावर जाऊन तुम्ही ती 'कन्फर्म' करायची असते. हीच पायरी लोक चुकवतात आणि पूर्ण फी भरत बसतात. सबसिडी मागच्या तारखेपासून मिळते, पण फक्त २८ दिवस मागे. उत्पन्नाचा अंदाज जुलै ते जून या वर्षाचा द्या, आणि दोघांपैकी दुसऱ्यालाही नोकरी लागली की त्याच दिवशी बदला, नाहीतर वर्षअखेरीस पैसे परत मागतात. मूल आजारी पडलं तरी त्या दिवसाची फी लागते, सोमवारी सुट्टी आली तरी लागते. म्हणून शक्य असेल तर मंगळवार ते गुरुवार घ्या. पहिल्या हिवाळ्यात मूल सतत सर्दी-तापाने घरी राहणार हे धरूनच रजा शिल्लक ठेवा.

तीन आणि चार वर्षांच्या मुलांसाठी राज्याचं फ्री किंडर आहे, उत्पन्नाची अट नाही. नोंदणी बहुतेक ठिकाणी कौन्सिलकडे, आदल्या वर्षीच करायची. शाळेच्या प्रेप म्हणजे पहिल्या वर्गासाठी त्या वर्षीच्या ३० एप्रिलपर्यंत पाच पूर्ण हवीत. जानेवारी ते एप्रिलमध्ये जन्मलेल्या मुलाला एक वर्ष थांबवता येतं. आपल्यातले पुष्कळ जण 'वर्ष वाया जाईल' म्हणून पाठवतातच. पावणेपाच वर्षांचं मूल, भाषा नवी, शेजारी सहा वर्षांची मुलं बसलेली. किंडरची शिक्षिका थांबा म्हणाली तर तिचं ऐका.

डब्यात दाण्याचा कूट नको. शेंगदाण्याची ॲलर्जी इथे जीवघेणी ठरू शकते, आणि साबुदाण्याची खिचडी, चटणी, लाडू, काकडीची कोशिंबीर अशा सगळ्यात आपण कूट घालतो. शाळेचा नियम विचारा आणि कुटाऐवजी ओलं खोबरं वापरा. जेवायला वेळ फार थोडा मिळतो, म्हणून पोळी-भाजीची गुंडाळी करून द्या आणि डबा मुलाला स्वतः उघडता येतो का, हे घरी करून बघा. साधारण ऑगस्टच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंत रुंद काठाची टोपी नसेल तर मैदानात खेळू देत नाहीत.

गाडी, आणि पाणी

भारतीय लायसन्सवर सहा महिने चालवता येते. कायम व्हिसावाल्यांचे सहा महिने पहिल्या प्रवेशापासून मोजतात. नुसता व्हिसा चालू करायला आठवडाभर येऊन गेला असाल तर ते दिवस तेव्हाच सुरू झाले. लेखी, धोका ओळखण्याची आणि प्रत्यक्ष अशा तीन परीक्षा आहेत आणि तारखा आठवडे-आठवडे मिळत नाहीत, म्हणून दुसऱ्या महिन्यातच नंबर लावा. वीस वर्षं पुण्या-मुंबईत गाडी चालवलेले इथे नापास होतात ते तीन कारणांनी: लेन बदलताना मान वळवून खांद्यावरून मागे न पाहणं, स्टॉपच्या पाटीला चाक पूर्ण न थांबवणं, आणि शाळेच्या भागात सकाळी ८ ते ९.३० व दुपारी २.३० ते ४ या वेळात ४० ची मर्यादा ओलांडणं. दोन-तीन धडे इथल्या शिक्षकाकडे घ्या, पैसे वाचवू नका.

जुनी गाडी घेताना २ डॉलरची पीपीएसआर तपासणी करा, तिच्यावर कुणाचं कर्ज आहे का ते कळतं. ओळखीतल्या मराठी माणसाची गाडी असली तरी करा.

टॅक्स फाइल नंबर, म्हणजे आयकराचा ओळख क्रमांक, फुकट मिळतो, कुणाला पैसे देऊन काढू नका. तो न दिल्यास पगारातून ४७ टक्के कापतात.

समुद्रावर फक्त लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच पाण्यात उतरा. गुडघाभर पाण्यातूनही उलटा प्रवाह माणसाला आत ओढतो, आणि कोकणात पोहायला शिकलेल्यालाही तो ओळखता येत नाही. मुलांना पहिल्याच टर्ममध्ये कौन्सिलच्या पोहण्याच्या वर्गाला घाला, आणि आईवडिलांना पोहता येत नसेल तर त्यांनीही नाव द्यावं. मोठ्यांचे संध्याकाळचे वर्ग बऱ्याच तलावांवर असतात.