ट्रॉली शॉट हलतोय? चाकं बदलण्याआधी या चुका टाळा

परवा एका ओळखीच्या मुलानं त्याच्या शॉर्ट फिल्मची क्लिप दाखवली. वाड्याच्या सोप्यातून कॅमेरा सरळ माजघराच्या दारापर्यंत जातो. उजेड छान, नट छान, पण ठरावीक अंतरानं फ्रेमला बारीक ठसका लागत होता. "चाकं बदलतो दादा, आता स्केटिंगची भारीतली घेतो," तो म्हणाला. मी त्याला आधी क्लिपमधले ठसके मोजायला लावले, मग सोप्यातल्या फरशा. दोन्ही आकडे एकच. जमीन शहाबादी होती आणि प्रत्येक सांध्यावर एक ठसका बसत होता. चाकांचा बिचाऱ्यांचा काही संबंध नव्हता.

कॅमेरा ठेवून ढकलायची चाकांची गाडी म्हणजे डॉली. आपल्याकडे सेटवर तिला ट्रॉलीच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो. घरी ट्रॉली बनवणारे बहुतेक जण शॉट हलला की पहिला संशय चाकांवर घेतात. माझ्या अनुभवात दहातल्या सात-आठ वेळा खोट चाकाखाली असते किंवा ढकलणाऱ्याच्या हातात. चाकं दिसतात आणि दुकानात विकत मिळतात, म्हणून आळ त्यांच्यावर येतो, एवढंच.

ठसका न ओळखताच दुरुस्तीला लागणं

क्लिप मोबाइलवर बघून "ओके" म्हणणं ही पहिली चूक. सहा इंची पडद्यावर सगळंच गुळगुळीत दिसतं. शूटच्या जागी लॅपटॉप न्या, नाहीतर क्लिप मोठी करून फ्रेमच्या कडेकडे बघा. हलणं मध्यापेक्षा कडेला लवकर कळतं.

मग हलण्याची जात ओळखा. ठसका दर वेळी एकाच जागी येतो का? तर तिथे सांधा, खडा किंवा फरशीची उंच कड आहे. जागा बदलली तरी ठरावीक अंतरानं येतच राहतो? तर चाक गोल राहिलेलं नाही. ७५ मिलिमीटर व्यासाच्या चाकाचा घेर साधारण साडेतेवीस सेंटिमीटर असतो; ठसकेही तेवढ्याच अंतरानं येत असतील तर चाकाचा एक भाग चपटा झालाय. मऊ चाकांवर रात्रभर वजन ठेवून ट्रॉली उभी केली की असं होतं. चित्र सतत बारीक थरथरतं, कडा जेलीसारख्या लिबलिबतात, तर जमीन खरखरीत आहे किंवा चाक फार कडक आहे. कॅमेरा सापासारखा डावी-उजवीकडे मान हलवतो, तर चाकं फिरती आहेत. आणि मध्ये सगळं ठीक, फक्त सुरुवातीला आणि शेवटी झटका, तर ट्रॉली निर्दोष आहे. ढकलणाऱ्याला चहा पाजा आणि शांतपणे समजावा.

एवढं पाच मिनिटांत होतं, आणि निम्मी खरेदी वाचते.

जमिनीवर विश्वास ठेवणं

डोळ्याला सपाट दिसणारी जमीन चाकाला सपाट नसते. गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्स असतील तर थेट जमिनीवर ट्रॉली चालते, तीही मऊ चाकांवर आणि वाइड लेन्सवर. बाकी ठिकाणी मध्ये काहीतरी हवंच. पाच-सहा फुटांची चाल असेल तर १८ एमएम प्लायची एक लांब पट्टी जमिनीवर टाकून तिच्यावरून ट्रॉली न्या. खाली सतरंजी घातली तर प्लाय डुगडुगत नाही. दोन पट्ट्या जोडायच्या असतील तर सांधा तिरका कापा, म्हणजे चाक एकदम न आपटता हळूच पलीकडे जातं. हे एकच काम केलं तरी निम्म्या तक्रारी मिटतात.

याहून लांब जायचं असेल, तर पाइपचा ट्रॅक, म्हणजे चाकांसाठी रुळांसारखे अंथरलेले दोन पीव्हीसी पाइप.

पाइप स्वस्तातला घेणं, आणि तो कसाही अंथरणं

पाइप घ्यायला गेलात की शेतीच्या दुकानात "किती किलोचा?" असं विचारतात. हे किलो वजनाचे नव्हेत, पाण्याचा दाब सोसण्याचे. ४ किलोचा पाइप पातळ आणि स्वस्त असतो, म्हणून लोक तोच उचलतात. त्याच्यावर कॅमेरा, ट्रायपॉड आणि प्लाय असं दहा-बारा किलो वजन आलं की दोन आधारांच्या मधे तो लवतो आणि शॉटमध्ये कॅमेरा बोटीसारखा खाली-वर होतो. शक्यतो १० किलोचा घ्या. कुठलाही घेतला तरी दर फूट-दीड फुटावर खाली आधार हवा. पाइप २० फुटी मिळतो. टेम्पोत बसावा म्हणून त्याचे तुकडे करतात आणि मग कपलिंगनं जोडतात. कपलिंग बाहेरून बसतं, म्हणजे प्रत्येक सांध्यावर चाकासाठी एक गतिरोधक. त्याऐवजी आत घट्ट बसणारा लाकडी दांडा किंवा बारका पाइप घाला, टोकं करवतीनं काटकोनात कापा आणि कानशीनं साफ करा. सांध्यावरून बोटाचं नख फिरवा. नख अडकलं तर चाकही अडकणार.

ऊन हा पीव्हीसीचा शत्रू आहे. प्रत्येक अंश तापमानामागे हा पाइप मीटरला साधारण ०.०६ ते ०.०७ मिलिमीटर वाढतो. ऐकायला किरकोळ वाटतं, पण तीन मीटरचा पाइप सकाळपासून दुपारपर्यंत ३० अंशांनी तापला तर पाच-सहा मिलिमीटर लांब होतो. दोन्ही टोकं पक्की ठोकली असतील तर ही वाढ जाणार कुठे? पाइप बाजूला फुगतो. एक टोक मोकळं ठेवा. उन्हात शूट असेल तर शॉटपर्यंत ट्रॅकवर ओलं गोणपाट टाकून ठेवा.

दोन पाइपांमधलं अंतर सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच हवं. व्यावसायिक ट्रॅक ६२ सेंटिमीटरचा असतो. घरी तेवढाच हवा असं नाही, पण ४० ठेवला तर सगळीकडे ४०. या मापाची काठी कापून जवळ ठेवा आणि दर दोन फुटांवर लावून बघा. तिरक्या जोडचाकांची ट्रॉली असेल तर पाइप जवळ आले किंवा फाकले की चाकं पाइपावर चढतात आणि ट्रॉली वर उचलली जाते, माप पुन्हा बरोबर झालं की खाली बसते. कॅमेऱ्यात हे खड्ड्यासारखंच दिसतं, आणि मग लोक नसलेला खड्डा शोधत बसतात.

लेव्हलसाठी मोबाइलमधलं अ‍ॅप वापरणारे पुष्कळ. पण मोबाइलच्या पाठीवर कॅमेऱ्याचा उंचवटा असतो, त्यामुळे फोन उताणा ठेवला की तो मुळातच कलतो आणि अ‍ॅप इमानदारीनं चुकीचं सांगतं. फोन कडेवर उभा धरून लेव्हल बघा. त्याहून उत्तम म्हणजे गवंड्याची पद्धत: पारदर्शक नळीत पाणी भरायचं, एक टोक ट्रॅकच्या सुरुवातीला, दुसरं शेवटाला, दोन्हीकडचं पाणी एकाच पातळीत उभं राहतं. फरक निघेल तिथे सुताराकडच्या लाकडी पाचरी सरकवा. दुमडलेला पुठ्ठा चालत नाही, वजन आलं की तो दबतो.

फिरती चाकं लावणं

हार्डवेअरच्या दुकानात दोन प्रकार मिळतात, फिरतं आणि फिक्स. चारही फिरती लावली की ट्रॉली कुठेही वळेल म्हणून आनंद होतो. पण फिरतं चाक दिशा बदलताना आधी स्वतः वळतं आणि मग पुढे जातं. त्या वळण्याचा झटका थेट कॅमेऱ्याला बसतो. जरा वेग आला की ते फडफडायला लागतं. मॉलमधल्या सामानाच्या गाडीचं एक चाक कसं वेड्यासारखं थरथरतं, तसं. सरळ चालीसाठी चारही चाकं फिक्स लावा. फिरत्या चाकांवाचून पर्याय नसेल तर टेकआधी ट्रॉली त्याच दिशेनं हातभर पुढे नेऊन चाकं रांगेत आणा आणि तिथूनच सुरुवात करा.

गोल चाल हवी असेल तर फिक्स चाकं थोडी तिरकी बसवतात. नियम सोपा आहे: प्रत्येक चाकाच्या आसातून काढलेली रेघ त्या वर्तुळाच्या मध्यावर मिळाली पाहिजे. जमिनीवर खडूनं मध्यबिंदू काढा आणि सुतळी ताणून बघा. अंदाजानं वळवलेली चाकं घासत, कुरकुरत जातात.

पाइपवर चालणाऱ्या ट्रॉलीसाठी स्केटिंगची चाकं उत्तम. ७८ए च्या आसपासची मऊ घ्या, १००ए ची नकोत (हा चाकाच्या कडकपणाचा आकडा). त्यांच्यात ६०८ नंबरचं बेअरिंग असतं, त्यातून ८ एमएमचा बोल्ट जातो. इथे सगळे जण नट आवळून टाकतात. बेअरिंग दोन्ही बाजूंनी चेपलं गेलं की चाक अडखळत फिरतं, आणि दोष "लोकल बेअरिंग"ला मिळतो. बेअरिंगच्या फक्त आतल्या कड्याला टेकेल असा छोटा वायसर मध्ये घाला. बोटानं टिचकी मारल्यावर चाक काही सेकंद तरी मोकळं फिरलं पाहिजे.

जमलं तर प्रत्येक कोपऱ्यावर एकामागे एक अशा चाकांच्या दोन जोड्या लावा आणि त्यांना धरणारी पट्टी मध्यावर बोल्टनं झुलती ठेवा. पुढचं चाक २ मिलिमीटर उचललं गेलं तर मधला बोल्ट फक्त १ मिलिमीटर उचलला जातो. धक्का निम्मा, फुकटात. आमच्या कोल्हापुरात कारखान्यांच्या उद्यमनगरला जाऊन कागदावर हे चित्र काढून दाखवलं की बाकीचं काही सांगावं लागत नाही. शेवटी मूकपटांच्या काळात बाबूराव पेंटरांनी जिथे सिनेमाचा कॅमेराच बनवला, त्या गावात ट्रॉलीचं काय कौतुक!

व्हीलचेअर उलटी-सुलटी वापरणं

व्हीलचेअर ही जुनी आणि खरंच चांगली युक्ती. १९६० च्या 'ब्रेथलेस' या फ्रेंच सिनेमाचा छायालेखक राउल कुतार अशाच खुर्चीत बसून चित्रीकरण करायचा आणि दिग्दर्शक गोदार ती ढकलायचा. पण पुढची दोन छोटी फिरती चाकं घात करतात, वर लिहिलेला सगळा त्रास त्यांच्यातच असतो. खुर्ची मागे ओढत न्या, म्हणजे मोठी चाकं आधी जातात आणि छोटी निमूटपणे मागून येतात. हवेचे टायर असतील तर हवा थोडी कमी करा. आणि शॉट आत जाणारा हवा असेल तर? फ्रेममध्ये माणूस, धूर, पाणी, पंखा असं काही हलतं नसेल, तर मागे येणारा शॉट घ्या आणि एडिटमध्ये उलटा लावा. कोणाला कळत नाही.

ट्रॉली हलकी ठेवणं आणि घाईनं ढकलणं

हलकी ट्रॉली बरी, असं वाटतं. प्रत्यक्षात ती प्रत्येक खड्याला उडी मारते. जड ट्रॉली सुरू व्हायला आणि थांबायला वेळ घेते, म्हणून चाल आपोआप मऊ होते. प्लायवर वाळूच्या पिशव्या ठेवा. वाळू नसेल तर पाच-पाच किलोच्या आट्याच्या पिशव्या चालतात, फक्त घरात सांगून घ्या. ट्रायपॉडचे पाय पसरू नयेत म्हणून प्लायवर लाकडी ठोकळे स्क्रूनं बसवा. कॅमेऱ्याचा पट्टा ट्रायपॉडला बांधा. ट्रॉली बंद आवारातच चालवा, रहदारीच्या रस्त्यावर नाही.

ढकलणाऱ्यानं हात लांब करून ढकलू नये. कोपर अंगाशी, गुडघे जरा वाकलेले, आणि चालायचं पायांनी. ट्रॅक हव्या त्या चालीपेक्षा दोन्हीकडे दोन-दोन फूट जास्त ठेवा, म्हणजे सुरुवातीचा आणि शेवटचा झटका एडिटमध्ये कापता येतो. हे सर्वात स्वस्त औषध आहे आणि सर्वात कमी लोक घेतात. टेबलावर कॅमेरा सरकवायच्या छोट्या स्लायडरला तर हातच लावू नका; रबरबँड अडकवून ओढा. आधी रबर ताणतो, मग स्लायडर हळूच सुटतो.

कॅमेऱ्यातल्या चुका ट्रॉलीच्या माथी

५० एमएम लेन्सवर तोच हादरा २४ एमएमच्या जवळजवळ दुप्पट दिसतो. झूम करून ट्रॉली शॉट घेणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा. पण वाइड लेन्सवर कॅमेरा रिकाम्या भिंतीसमोरून आडवा सरकवला तर चाल जाणवतच नाही. जवळून खांब, दाराची चौकट, तुळशीवृंदावन असं काही सरकलं पाहिजे.

चित्र तुटक-तुटक जातंय, पण कॅमेरा हललेला नाही, असं असेल तर वेग जास्त आहे किंवा शटर. २५ फ्रेमला शटर १/५० ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यानं ट्यूबलाइटचा लुकलुकाटही त्यानं टळतो. फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा. लेन्समधलं स्टॅबिलायझर चालू-बंद अशा दोन्ही टेक घ्या. गुळगुळीत ट्रॅकवर ते कधीकधी चालीलाच हादरा समजून फ्रेम धरून ठेवतं आणि शेवटी एकदम सोडतं. सॉफ्टवेअरनं शॉट स्थिर करायचा असेल तर चौकटीच्या कडेनं जागा सोडून शूट करा, कारण त्यात कडा कापल्या जातात. वर सांगितलेली कडांची जेलीसारखी लिबलिब मात्र त्यानं नीट जात नाही.

राहिला आवाज. संवादाच्या शॉटमध्ये चाक कुरकुरलं की कोणीतरी खोबरेल तेल घेऊन येतो. नको. तेलाला धूळ चिकटते आणि तासाभरात पाइपवर काळा चिखल होतो. पाइप फडक्यानं कोरडा पुसा आणि टाल्कम पावडर लावा.

शूट संपल्यावर पाइप भिंतीला टेकवून उभे ठेवू नका, आडवे सपाट ठेवा. आमचे दोन पाइप अख्खा उन्हाळा गच्चीत उभे राहिले आणि धनुष्य झाले. आता त्यांच्यावर दोडक्याचा वेल आहे.