प्राणिज वास शिकायचे तर आधी पातळ करायला शिका

अत्तर बनवण्यात टॉप, हार्ट, बेस म्हणजे काय आणि ब्लॉटर (वास घ्यायची कागदी पट्टी) कसा धरायचा हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे. पहिलं स्पष्ट सांगायचं म्हणजे खरी कस्तुरी किंवा खरा अंबर मिळवायच्या भानगडीत पडू नका. कस्तुरीमृग आणि स्पर्म व्हेल दोघांनाही वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 चं संरक्षण आहे. ‘व्हेल माशाची उलटी’ म्हणजेच अंबर विकताना पकडलेल्यांच्या बातम्या येतच असतात, आणि विकत घेणाराही त्यात अडकतो. नागपूरच्या इतवारी-मोमिनपुऱ्यात ‘कस्तुरी’ म्हणून मिळणारी बाटली कृत्रिम मस्कची असते. ‘अंबर’ म्हणून मिळतं ते बहुतेक वेळा लॅब्डॅनम (एक सुगंधी राळ), लोबान आणि व्हॅनिलिनचं गोड मिश्रण. ते वाईट नसतं, पण त्यावरून अंबरचा वास शिकता येत नाही.

म्हणून शिक्षण थांबत नाही. कस्तुरीतला मस्कोन आणि जवादीतला (जवादी मांजराच्या स्रावातला) सिव्हेटोन यांची रचना रसायनशास्त्रज्ञ रुझिका यांनी 1926 च्या सुमारास उलगडली. एकाचं कडं 15 कार्बनचं, दुसऱ्याचं 17 चं. अंबरमधल्या अँब्रिनला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. समुद्रात वर्षानुवर्षं ऊन आणि हवा लागून ते तुटतं, तेव्हा जुन्या लाकडासारखा, तंबाखूसारखा, खारट-गोड वास तयार होतो. त्यातला महत्त्वाचा रेणू अँब्रॉक्साइड आज क्लॅरी सेज या वनस्पतीतल्या स्क्लॅरिओलपासून बनतो आणि उघडपणे विकत मिळतो. म्हणजे कुठलंही जनावर न मारता आणि कायदा न मोडता सगळा अभ्यास होतो.

आता तो सापळा, ज्यात नवखा माणूस हमखास अडकतो. स्केटोल किंवा इंडोल या उग्र प्राणिज वासाच्या पदार्थांची बाटली उघडून तो थेट नाकाशी नेतो. संडासाचा नाहीतर डांबरगोळीचा वास येतो, डोकं भणभणतं, आणि ‘प्राणिज वास म्हणजे घाण’ असं मनात पक्कं बसतं. मग एकतर तो ते कायमचं टाळतो, नाहीतर ‘एकच थेंब’ म्हणून घालतो आणि अख्खी बॅच फेकतो. हे वास पातळ केल्यावरच खरे कळतात. इंडोल 1 टक्क्याला आणि स्केटोल 0.1 टक्क्याला हुंगा. तिथे मोगऱ्याची सायंकाळची जड, थोडी कुजट ऊब येते, कारण मोगरा-चमेलीत इंडोल मुळातच असतो. स्केटोल 0.01 टक्क्यालाही हुंगून बघा. ओळख पटायला तेवढा पुरतो.

पातळ करायचं ते वजनावर, थेंबांवर कधीच नाही. घट्ट डीपीजीचा (डायप्रोपिलिन ग्लायकॉल, जवळजवळ बिनवासाचा द्रावक) थेंब मोठा पडतो, स्पिरिटचा छोटा, आणि मे महिन्यात तोच डीपीजी पातळ होऊन थेंबाचं माप आणखी बदलतं. 0.01 ग्रॅम दाखवणारा काटा घ्या. त्यावर 0.05 ग्रॅम मोजायला गेलात तर 20 टक्के चूक सहज होते, म्हणून पायऱ्या करा. 1 ग्रॅम स्केटोल आणि 9 ग्रॅम डीपीजी म्हणजे 10 टक्के. त्यातलं 1 ग्रॅम घेऊन पुन्हा 9 ग्रॅम डीपीजी म्हणजे 1 टक्का. आणखी एकदा केलं की 0.1 टक्का. या शेवटच्या बाटलीतल्या 1 ग्रॅममध्ये खरं स्केटोल फक्त 1 मिलिग्रॅम असतं. सूत्र लिहिताना बरेच जण इथेच घसरतात आणि द्रावणाचं वजन शुद्ध पदार्थाचं म्हणून मांडतात. लेबलवर नाव, टक्केवारी, द्रावक आणि तारीख लिहाच.

स्केटोलचे खडे लवकर विरघळत नाहीत. बाटली 40 अंशांच्या पाण्यात ठेवून हलवा. नागपूरच्या उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं दुपारचं पाणी तेवढं गरम असतंच. हातमोजे घाला, खिडकी उघडा, आणि हे काम स्वयंपाकघरात मुळीच करू नका. खड्यांची बाटली दोन झिप पिशव्यांत घालून स्टीलच्या डब्यात, बाकीच्या मालापासून लांब ठेवा. वास झाकणातूनही बाहेर येतो. स्पिरिटसाठी राज्य उत्पादन शुल्क खात्याची परवानगी लागते, म्हणून सुरुवात डीपीजीतच बरी. स्पिरिटमधली द्रावणं असलीच तर भरलेल्या बाटलीचं वजन लेबलवर टिपा. सैल झाकणातून स्पिरिट उडालं की वजन घटतं आणि 1 टक्क्याचं द्रावण गुपचूप कडक होत जातं.

मस्कच्या बाबतीत नेमकं उलटं होतं. काही लोकांच्या नाकाला ठरावीक मस्क जवळजवळ कळतच नाहीत, कारण रेणू जड आणि नाकानाकात फरक. यात कमीपणा काही नाही, पण ते माहीत नसेल तर माणूस ओततच राहतो. घरातल्या कुणाला तरी तीन ब्लॉटर तयार करायला सांगा, दोनांवर नुसता डीपीजी आणि एकावर गॅलॅक्सोलाइड हा कृत्रिम मस्क. असं सहा वेळा करा. नुसत्या अंदाजानेही दोनदा बरोबर येतं. पाच-सहा वेळा आलं तरच तुम्हाला तो वास येतो असं धरा. इथिलिन ब्रासिलेट आणि हॅबॅनोलाइड या मस्कचीही अशीच परीक्षा घ्या. जो येत नाही तो सोडा, दुसरा वापरा.

कूलर चालू असताना हुंगणं व्यर्थ आहे. वाळ्याच्या ताट्यांचा ओला मातकट वास ब्लॉटरवर बसतो आणि त्याला अंबर समजण्याची चूक होते. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत, कूलर बंद करून बसा. दोन-तीन छोटे श्वास घ्या आणि ब्लॉटर लांब धरा.

गुरूबद्दल माझं मत ठाम आहे. वजनकाट्याला हात न लावू देता ‘नाक देवाची देणगी’ म्हणणाऱ्याकडे पैसे घालवू नका. तयार ‘अ‍ॅनिमॅलिक बेस’ (प्राणिज वासाचं आयतं मिश्रण) हाही शॉर्टकटच. आत काय आहे ते कळत नाही, मग बिघाड कुठून आला तेही कळत नाही. पद्धतशीर शिकायचं तर कन्नौजचं सुगंध आणि स्वाद विकास केंद्र बघा. कन्नौजला गेलात तर चोया नखही हुंगा. समुद्री गोगलगायीच्या शिंपल्याची झाकणं भाजून काढलेलं ते तेल धुरकट आणि समुद्री असतं, आणि 0.1 टक्क्यालाच खूप बोलतं.

जवादीचा सराव बेस 10 ग्रॅमचा करा: इथिलिन ब्रासिलेट 10 टक्के द्रावण 6 ग्रॅम, इंडोल 1 टक्का 1 ग्रॅम, स्केटोल 0.1 टक्का 1 ग्रॅम, मधमाशीच्या मेणाचं अ‍ॅब्सोल्यूट (दाट सुगंधी अर्क) 10 टक्के 1 ग्रॅम, डीपीजी 1 ग्रॅम. मग चमेलीच्या एकाच मिश्रणाच्या 10-10 ग्रॅमच्या चार बाटल्या भरा. एक तशीच ठेवा, उरलेल्यांत हा बेस 0.1, 0.3 आणि 1 ग्रॅम घाला. एका तासाने आणि दुसऱ्या दिवशी हुंगा. ज्या बाटलीत जनावर वेगळं ओळखू येतं ती पुढे गेली. तिच्या अलीकडची, जिच्यात चमेलीच नुसती भरलेली वाटते, ती तुमची. चारही बाटल्या गडद काचेच्या हव्यात. व्हॅनिलिन किंवा आल्डिहाइड असलेल्या मिश्रणात इंडोल पडला की आठवड्याभरात लालसर रंग चढू शकतो, आणि तो कपड्यावर दिसतो.