प्रवासी ट्रेलर ओढण्यासाठी वाहन कसे निवडावे

प्रवासी ट्रेलर, म्हणजे आत राहण्याची सोय असलेली, वाहनामागे जोडून न्यायची गाडी, ओढण्यासाठी वाहन घेताना बहुतेक जण माहितीपत्रकातील ओढण्याच्या क्षमतेचा आकडा पाहतात आणि ट्रेलरचे वजन त्याहून कमी भरले की निश्चिंत होतात. प्रत्यक्षात बऱ्याचदा ती मर्यादा गाठण्याआधीच वाहनाची भारक्षमता संपते. प्रवासी, सामान आणि हिचवर (वाहनाच्या मागच्या, ट्रेलर अडकवायच्या जोडणीवर) टेकलेला ट्रेलरचा पुढचा भाग यांचे मिळून जेवढे ओझे वाहन स्वतःच्या चाकांवर पेलू शकते, तिला भारक्षमता म्हणतात, आणि निवडीचा हिशेब तिथूनच सुरू करावा.

त्यासाठी आधी ट्रेलरचे खरे वजन ठरवावे लागते. विक्रेता सहसा रिकाम्या ट्रेलरचे वजन सांगतो. त्यात भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, खुर्च्या, शिधा यांपैकी काहीच नसते, आणि १५० लिटरची पाण्याची टाकी भरली तर तेवढ्यानेच १५० किलो वाढतात. म्हणून ट्रेलरच्या पाटीवर छापलेले कमाल अनुज्ञेय वजनच हिशेबात धरावे. उत्तर अमेरिकी धाटणीच्या ट्रेलरमध्ये या वजनाचा साधारण १० ते १५ टक्के भाग हिचवर येतो. कॅरॅव्हॅन म्हणवल्या जाणाऱ्या युरोपीय प्रवासी ट्रेलरमध्ये हे प्रमाण बरेच कमी असते, त्यामुळे दोन्हीकडचे आकडे एकमेकांत मिसळू नयेत. हिचवरचा भार वाचवण्यासाठी सामान ट्रेलरच्या मागच्या बाजूला सरकवण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण पुढचा भार कमी पडला की ट्रेलर वेगात डावी-उजवीकडे झोके घेऊ लागतो.

समजा, ट्रेलरचे कमाल वजन २५०० किलो आहे. १३ टक्क्यांप्रमाणे हिचवर ३२५ किलो येतील. वाहनाची भारक्षमता ६५० किलो असेल, तर उरले ३२५. सरासरी ७० किलोची चार माणसे बसली की २८० गेले, हिचच्या सामग्रीचे २५ गेले, आणि साऱ्या सामानासाठी २० किलो शिल्लक राहिले. त्या वाहनाच्या माहितीपत्रकात ओढण्याची क्षमता ३५०० किलो लिहिलेली असली, तरी या कुटुंबाला तिचा उपयोग नाही. शिवाय एसएई या अमेरिकी अभियंत्यांच्या संस्थेच्या जे२८०७ या मानकानुसार ठरवलेल्या क्षमतेत वाहनात चालक आणि एकच प्रवासी, प्रत्येकी ६८ किलोचे, गृहीत धरलेले असतात. भारक्षमतेचा आकडा माहितीपत्रकातून न घेता त्याच वाहनाच्या चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पाटीवरून घ्यावा. त्याच मॉडेलच्या महागड्या प्रकारात काचेचे छत आणि विजेवर हलणारी आसने आली की ती क्षमता घटते.

भार विभागणारी हिच मागच्या चाकांवरचा काही भार पुढच्या आणि ट्रेलरच्या चाकांवर नेते व वाहन सपाट ठेवते. मात्र तिच्यामुळे वाहनाची छापील मर्यादा वाढत नाही, आणि काही उत्पादक आपल्या वाहनांवर तिचा वापर करूच देत नाहीत.

वजनाचा हिशेब जुळल्यावरच इंजिनाकडे वळावे. इंजिनाच्या कमी फेऱ्यांवर मिळणारा टॉर्क, म्हणजे चाके फिरवण्याचा जोर, चढावर उपयोगी पडतो. उंचीवर हवा विरळ होते आणि टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारे यंत्र) नसलेल्या इंजिनाची ताकद दर १००० मीटरमागे सुमारे १० टक्क्यांनी घटते, म्हणून डोंगराळ भागात नेहमी जाणाऱ्यांनी टर्बोचे इंजिन घ्यावे. गिअरबॉक्सच्या तेलासाठी स्वतंत्र कूलर असावा. माझ्या मते चढण्यापेक्षा उतरण्याची तयारी अधिक महत्त्वाची आहे: खालच्या गिअरमध्ये वेग रोखून धरण्याची सोय आणि ट्रेलरचे विजेवर चालणारे ब्रेक हाताळणारा नियंत्रक यांबाबत तडजोड करू नये. लांब व्हीलबेस (पुढच्या व मागच्या चाकांमधले अंतर) आणि स्वतःचे भरपूर वजन असलेले वाहन आडव्या वाऱ्यात कमी हलते. विजेच्या वाहनात ओढण्याची ताकद मुबलक असते, पण उंच ट्रेलर जोडला की पल्ला अनेकदा निम्म्यावर येतो. चार्जिंगसाठी ट्रेलर सोडावा लागण्याची शक्यताही विचारात घ्यावी.

वाहन आधीच घरात असेल, तर हिशेब उलटा मांडावा: पाटीवरील भारक्षमतेतून माणसे, सामान आणि हिचची सामग्री यांचे वजन वजा करावे, उरलेल्या किलोंना ०.१३ ने भागावे, आणि येणारे उत्तर ओढण्याच्या क्षमतेहून कमी असेल तर त्याहून जड ट्रेलर पाहायलाही जाऊ नये.